वाळवंटातल्या धावेची तयारी: शरीर उष्णतेचा हिशेब कसा सांभाळते

विद्यार्थी मित्रांनो, या पाठात आपण व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रातला एक भाग पाहणार आहोत. उन्हात, कोरड्या हवेत आणि वाळूवर बराच वेळ धावताना शरीरात काय होते आणि सरावाने त्यात काय बदलते, हा तो भाग. उदाहरण म्हणून घेतलेली शर्यत निर्वासितांच्या छावण्यांमधून जाते, आणि सरावाची जागा आहे वाराणसीतला ब्रह्मा घाट. जागेची निवड थोडी माझ्या सोयीची आहे, पण ती या विषयाला किती चपखल बसते ते पुढे दिसेलच.

शर्यत कुठली, कुणासाठी

अल्जीरियाच्या नैऋत्य टोकाला तिंदुफ नावाचे गाव आहे. १९७५-७६ मध्ये स्पेनने पश्चिम सहारावरचा ताबा सोडला, तिथे युद्ध पेटले आणि हजारो साहरावी कुटुंबे वाळवंट ओलांडून या गावाजवळ आली. वाद अजून सुटलेला नाही आणि ती माणसे अजून तिथेच आहेत. आता तिथे पाच छावण्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार तिथली लोकसंख्या सुमारे १ लाख ७३ हजार होती. छावणीत जन्मलेल्यांची मुलेही आता छावणीतच जन्मत आहेत.

या छावण्यांमधून २००१ पासून ‘सहारा मॅरेथॉन’ होते. ती फेब्रुवारीच्या अखेरीस असते. मुख्य शर्यत एल ऐऊन छावणीतून निघते आणि औसर्दमार्गे स्मारा छावणीत संपते. पूर्ण ४२ किलोमीटरशिवाय २१, १० आणि ५ किलोमीटरच्या धावाही असतात, आणि साहरावी मुलेमुलीही त्यांत धावतात. बाहेरून आलेला धावपटू हॉटेलात उतरत नाही. तो एखाद्या साहरावी कुटुंबाच्या तंबूत किंवा मातीच्या घरात राहतो, त्यांच्याच ताटातले जेवतो.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या. छावण्यांमधल्या पुष्कळ घरांना पाणी टँकरने मिळते. तयारी न करता गेलेला धावपटू दहाव्या किलोमीटरला कोसळला, तर त्याच्यासाठी जे पाणी, जी गाडी आणि जो डॉक्टर लागेल तो त्या वस्तीच्या वाट्यातला असतो. ज्यांच्यासाठी निधी गोळा करायचा त्यांच्याच शिदोरीत हात घालण्यासारखे हे आहे. म्हणून इथे सराव ही हौसेची बाब राहत नाही.

उष्णतेचा जमाखर्च

धावणाऱ्या माणसाचे स्नायू फारसे कार्यक्षम यंत्र नाहीत. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा हालचालीसाठी उपयोगी पडतो, उरलेली उष्णता होते. ६० किलो वजनाचा विद्यार्थी ताशी १० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर धावतो असे समजा. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोला, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी धरतात. म्हणजे तासाला ६०० किलोकॅलरी खर्च झाल्या आणि त्यांतल्या सुमारे ४८० उष्णता बनल्या.

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्मा सुमारे ०.८३ आहे. म्हणजे ६० किलोचे शरीर १ अंशाने तापवायला जवळपास ५० किलोकॅलरी पुरतात. ४८० ला ५० ने भागा: तासाला साडेनऊ अंशांहून अधिक, म्हणजे दर सहा-सात मिनिटांना एक अंश. ३७ अंशांवरून निघालेला माणूस अर्ध्या तासात ४१ च्या पुढे जाईल. असे होत नाही, याचा अर्थ शरीर सतत उष्णता बाहेर टाकत असते.

बाहेर टाकण्याचे मार्ग तुम्ही शाळेत शिकला आहात: वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. यांतले पहिले तीन तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा भोवतालचे तापमान त्वचेपेक्षा कमी असते. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा ४० अंशांची झाली की वारा आपल्याला गार करत नाही, उलट तापवतो. बनारसच्या लू मध्ये ज्याने तोंडाला गमछा गुंडाळला आहे त्याला हे सूत्र सांगायला नको. मग उरतो घाम. १ ग्रॅम घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला की सुमारे ०.५८ किलोकॅलरी घेऊन जातो. हीच पाण्याची अप्रकट उष्मा. ४८० किलोकॅलरी घालवायला तासाला ८३० मिलिलीटरच्या आसपास घाम पूर्णपणे वाळला पाहिजे. ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. निथळून खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र इथेच ठेवतो.

म्हणूनच नुसते तापमान पाहून धोका कळत नाही. खेळाच्या आणि सैन्याच्या क्षेत्रात त्यासाठी एक मिश्र निर्देशांक वापरतात: ओल्या फडक्यातल्या तापमापीचे वाचन ०.७ ने गुणायचे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीचे ०.२ ने, सावलीतल्या हवेचे ०.१ ने, आणि बेरीज करायची. बनारसचेच दोन दिवस घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत. मे महिन्याची दुपार: हवा ४३, गोळा ५५, ओले फडके २५. बेरीज १७.५ + ११ + ४.३ = ३२.८. जुलैची दुपार: हवा ३४, गोळा ४२, ओले फडके ३०. बेरीज २१ + ८.४ + ३.४ = पुन्हा ३२.८. हवेच्या तापमानात नऊ अंशांचा फरक, पण धावणाऱ्याला धोका सारखाच. दोन्ही दिवशी जोराचा सराव टाळावा इतका तो मोठा आहे.

कोरड्या हवेत मात्र एक फसगत असते. घाम आला तसा वाळतो, शर्ट कोरडा दिसतो, आणि आपल्याला घाम येतच नाही असे वाटते. प्रत्यक्षात तासाला लिटरभर पाणी गेलेले असते. वाळवंटात नवखा माणूस इथेच चुकतो.

अनुकूलन: चौदा दिवसांत काय घडते

१९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या विट्वाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी खोल जाऊ लागल्या तसे उष्माघाताने कामगार दगावू लागले. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम न देता हळूहळू उष्णतेत कामाला लावले तर मृत्यू कमी होतात, हे पुढच्या दशकांत तिथल्या डॉक्टरांनी पद्धतशीरपणे तपासले. आज खेळाडूंसाठी आपण जे उष्णता-अनुकूलन म्हणतो त्याचा एक मोठा पाया तिथे घातला गेला. तो ज्यांच्या जिवावर घातला गेला त्या कामगारांची आठवण पाठ्यपुस्तके क्वचितच ठेवतात.

क्रम साधारण असा. पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तद्रवाचे, म्हणजे प्लाझ्माचे, आकारमान वाढते. एकाच वेळी स्नायूंना आणि त्वचेला रक्त पुरवायचे असल्याने हृदयावर जो ताण येतो तो यामुळे कमी होतो, आणि त्याच वेगाला नाडी कमी पडू लागते. त्यानंतर घामाच्या ग्रंथी बदलतात. घाम लवकर सुटतो, म्हणजे शरीर कमी तापलेले असतानाच, आणि जास्त येतो. त्याच वेळी अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने घामातले सोडियम कमी होते. घामाने भिजलेल्या टोपीवर पहिल्या आठवड्यात उमटणारे पांढरे मिठाचे नकाशे दुसऱ्या आठवड्यात फिके पडतात. घरबसल्या दिसणारा यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

यासाठी दहा ते चौदा दिवस, रोज ६० ते ९० मिनिटे, शरीर खरोखर तापेल अशा परिस्थितीत पण बेताच्या वेगाने व्यायाम लागतो. नुसते उन्हात बसून हे थोडे होते, धावून जास्त होते. सराव सोडला की दोन-चार आठवड्यांत बराचसा फायदा ओसरतो. म्हणजे मे महिन्यात कमावलेले अनुकूलन फेब्रुवारीत कामाला येत नाही.

आता एक जुना समज. आमच्या शाळेत धावताना पाणी प्यायले तर मास्तर रागवत. ‘सवय होऊ दे’ म्हणत. पाण्यावाचून राहण्याची शरीराला सवय होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ई. एफ. अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर हेच तपासले. ते काम १९४७ मध्ये ग्रंथरूपाने आले. पाणी तोडून माणसाची गरज कमी होत नाही, फक्त तो लवकर थकतो. उष्णतेची सवय होते, तहानेची होत नाही. हा फरक या पाठात तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर तीच ठेवा.

घाटावर आणि पलीकडच्या रेतीत

ब्रह्मा घाट काशीच्या उत्तर भागात आहे, पंचगंगा आणि दुर्गा घाटांच्या पुढे. वरच्या गल्ल्यांमध्ये पेशवाईपासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे, आणि अजूनही एखाद्या ओसरीवरून हिंदीच्या वळणाची मराठी कानावर पडते. गंगा इथे उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात घासते, म्हणून तिथे उंच, टणक काठ आणि त्यावर घाट. आतल्या काठावर प्रवाह मंदावतो आणि गाळ टाकतो, म्हणून समोर रेतीचे लांबरुंद मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली असते, पूर ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वर येते. फेब्रुवारीच्या शर्यतीसाठी सराव करायचा तर नदी नेमकी वेळेवर मैदान मोकळे करून देते.

वाळूवर धावणे वेगळे का पडते? टणक रस्त्यावर पायाच्या कंडरा दाबलेल्या स्प्रिंगसारखी थोडी ऊर्जा परत देतात. वाळू खचते, ती ऊर्जा गिळते, शिवाय पाय मागे घसरतो. मऊ वाळूवर धावायला टणक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजले. मघाचे गणित पुन्हा करा: तेवढीच उष्णता निर्माण व्हावी असे वाटत असेल तर ताशी १० ऐवजी ६ किलोमीटरच्या जरा वर राहावे लागेल. हट्टाने १० चा वेग धरलात तर उष्णताही १.६ पट. म्हणून वाळूवरचा सराव किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा. तिंदुफचा पट्टा सगळा वाळूचा नाही हेही सांगायला हवे. ‘हमादा’ म्हणतात ती खडकाळ, टणक, सपाट जमीन तिथे बरीच आहे आणि मधून मधून मऊ वाळू. दोन्हींवर पाय तयार हवेत.

सलग १० किलोमीटर आरामात धावता येत असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण सोळा आठवडे मिळतात. तेवढ्यात २१ किलोमीटरची तयारी होते. ४२ चा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये असे माझे मत आहे. आठवड्यातून चार दिवस पुरे. दोन दिवस नेहमीच्या रस्त्यावर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. एक दिवस घाटाच्या पायऱ्या: वर चालत-धावत, खाली मात्र नेहमी चालतच. दगड झिजलेले असतात, खालच्या पायऱ्यांवर शेवाळे असते, आणि स्नानाला आलेल्या आजींना धक्का लावून कसली मॅरेथॉन करायची? चौथा दिवस रेतीचा. नावेतून पलीकडे जा, जीवरक्षक जाकीट घालून, आणि दोघे-तिघे मिळूनच. पहिल्या दिवशी वीस मिनिटे. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी उत्तर देतील. दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवत दोन-अडीच तासांपर्यंत न्या. दर चौथा आठवडा हलका ठेवा. पावले छोटी, पाऊल सपाट टेकवायचे, टाचेने वाळू उकरायची नाही. बुटांत रेती जाऊ नये म्हणून घोट्याभोवती कापडी आवरण शिवून घ्या. गल्लीतला कुठलाही शिंपी करून देतो. फोड हे शर्यत सोडण्याचे क्षुल्लक वाटणारे पण अगदी खरे कारण असते.

डिसेंबर-जानेवारीत बनारसला दाट धुके असते आणि हवाही खराब. त्या दिवसांत पहाटेच्या धावेचा आग्रह सोडा, दुपारी धावा. तसेही उन्हाची सवय करायचीच आहे. घाट पूर्वाभिमुख आहेत. दुपार उतरली की मागच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर येते, तेव्हा पलीकडे रेतीवर मात्र ऊन असते. फेब्रुवारीच्या अखेरीस तिंदुफचा दिवसही बहुधा पंचविशीच्या आसपास असतो. मग अनुकूलन हवेच कशाला? कारण एखादा दिवस त्याहून बराच तापू शकतो, आणि कारण मुख्य उष्णता तुमच्या स्नायूंतून येते. अमेरिकेत फॉलमथ नावाच्या गावी ऑगस्टमध्ये ११ किलोमीटरची शर्यत होते. हवा बहुधा पंचविशीच्या आतबाहेर असते, तरी तिथे अठरा शर्यतींमध्ये उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले.

शेवटच्या दोन आठवड्यांत अनुकूलन करायचे. भर दुपारी, गरजेपेक्षा एक कपडा जास्त घालून, बेताच्या वेगाने तासभर. सोबतीला कोणीतरी हवेच. ताप, जुलाब, अपुरी झोप यांतले काहीही असेल त्या दिवशी नाही. हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार किंवा नियमित औषध असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाणी किती, मीठ किती

याचे उत्तर तुमच्या वजनकाट्यावर आहे. धावण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करा, धावल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ६०.० चे ५८.९ झाले आणि वाटेत तुम्ही अर्धा लिटर पाणी प्यायलात. घाम १.१ + ०.५, म्हणजे १.६ लिटर. दीड तास धावला असाल तर तासाला एक लिटरच्या किंचित वर. असे चार-पाच दिवस मोजले की तुमचा स्वतःचा आकडा हाती येतो. धावताना वजन सुमारे २ टक्क्यांपेक्षा जास्त घटू नये हे साधे उद्दिष्ट ठेवा.

आणि वजन वाढताही कामा नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम धोक्याच्या रेषेखाली, लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी, निघाले. सर्वांत मोठे कारण होते अती पाणी पिणे. रक्त पातळ होते, पाणी पेशींत शिरते, मेंदूला सूज येते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळणे ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि सोबती धावत आणखी पाणी आणतात. म्हणून वजनाची नोंद.

तासाभरापेक्षा जास्त धावायचे तर पाण्यात मीठ-साखर हवी. आतड्यातल्या पेशींच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असते, ते सोडियम आणि ग्लुकोज दोघांना जोडीने आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येते. जलसंजीवनीचे पाकीट याच तत्त्वावर चालते: लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट.

या पाकिटाचा मोठ्या प्रमाणावर पहिला कस लागला तो निर्वासितांच्या छावणीजवळच. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंप भरले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. तुमच्या कमरेच्या बाटलीत जे द्रावण आहे त्याची ही हकिकत आहे.

उष्माघात ओळखणे

धावणारा माणूस वेडावाकडा चालू लागला, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला, चिडला किंवा कोसळला, आणि अंग तापलेले आहे, तर तो उष्माघात समजा. अंतर्गत तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूच्या कामात बिघाड, ही त्याची व्याख्या. ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही’ हे चूक आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग बहुधा घामेजलेलेच असते.

नियम एकच: आधी गार करा, मग हलवा. मान वर धरून बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवणे सर्वांत चांगले. फॉलमथचे ते २७४ रुग्ण असेच लगेच थंड पाण्यात बुडवले गेले आणि सगळे वाचले. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. टब नसेल तर सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, ओली फडकी डोक्यापासून पायापर्यंत घालायची, ती तापली की लगेच बदलायची आणि जोराने वारा घालायचा. कोरड्या हवेत हा उपाय दमट हवेपेक्षा जास्त चालतो. कारण तुम्हाला आता सांगता यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

स्वाध्याय

१. ७० किलोची व्यक्ती मऊ वाळूवर ताशी ६ किलोमीटर वेगाने धावते. वरील गृहीतके धरून तासाला निर्माण होणारी उष्णता आणि ती घालवायला लागणारा घाम काढा.

२. तुमच्या गावी उद्या दुपारी ओल्या फडक्याचे वाचन २८, काळ्या गोळ्याचे ४८ आणि हवेचे ३८ आहे. निर्देशांक काढा आणि मे-जुलैच्या उदाहरणांशी ताडून पाहा. सराव कराल का?

३. तिंदुफला जाण्या-येण्याचा खर्च आणि तुम्ही जमवू शकाल असा निधी, दोन्ही लिहून काढा. खर्च जास्त निघाला, तर तीच २१ किलोमीटरची धाव तुमच्या गावच्या नदीपात्रात कशी आयोजित कराल? पाणी, सावली, बर्फ आणि रुग्णवाहिका कुठे ठेवाल, याचा नकाशा काढा.